खुष्कीच्या वाटेवरील समुद्र

‘मोटार-सायकलीवरून खुष्कीनें पृथ्वीप्रदक्षिणा’ असे शब्द एखाद्या प्रवासवर्णनाच्या मुखपृष्ठावर दिसले म्हणजे वाचक सहसा थबकत नाहींत. परंतु क्षणभर भूगोलाची आठवण केली तर त्या शब्दांतील विसंगति ध्यानांत येते. पृथ्वीचा सुमारें सत्तर टक्के भाग पाण्यानें व्यापलेला आहे, आणि मोटार-सायकलीला पोहतां येत नाहीं. तेव्हां प्रदक्षिणा म्हणविणाऱ्या अशा प्रत्येक प्रवासांत दोनतीन वेळां तरी स्वारानें आपली गाडी कोणत्या तरी गोदींत नेऊन उभी केलेली असते, तिचें भाडें भरलेलें असतें, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ती सोडवून घेण्यासाठीं जकातकचेरीच्या बाकावर दिवसचे दिवस काढलेले असतात. वर्णनकार हा भाग दोन ओळींत उरकून टाकतात. वाळवंटाला एक प्रकरण, दरोडेखोरांना एक प्रकरण, हिमालयाला दोन. गोदीच्या वाट्याला मात्र एखादें वाक्य येतें, तेंही बहुधा तक्रारीचें. आम्हांला असें वाटतें कीं, या प्रवासांचा इतिहास कोणाला लिहावयाचा असेल तर त्यानें तो गोदीपासूनच आरंभावा. कोणीं जावें, कोणत्या वाटेनें जावें आणि कोणीं घरींच राहावें, याचा निकाल रस्त्यापेक्षां धक्क्यावर अधिक वेळां लागत आलेला आहे.

१९१२ सालच्या ऑक्टोबरांत कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी नांवाचा एक अमेरिकन तरुण चार सिलिंडरांची हेंडरसन मोटार-सायकल घेऊन आयर्लंडांतील डब्लिन शहरांतून निघाला. सोबत वॉल्टर स्टोरी नांवाचा मित्र होता. तो पॅरिसपर्यंत टिकला आणि तेथून परतला. क्लॅन्सी एकटाच स्पेन व उत्तर आफ्रिका करून पूर्वेकडे वळला, सिलोन व जपान पाहून सॅन फ्रान्सिस्कोस उतरला, आणि अमेरिका खंड आडवें तुडवून १९१३ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कला पोंचला. प्रवास सुमारें अठरा हजार मैलांचा झाला असें धरतात, आणि मोटार-सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून त्याचें नांव सांगितलें जातें. ही कीर्ति यथायोग्यच आहे. परंतु त्याचा मार्ग नकाशावर आंखून पाहिला तर रेघेचा केवढा तरी भाग निळ्या रंगांतून जातो. उत्तर आफ्रिकेपासून सिलोनपर्यंतचें अंतर, सिलोनपासून जपानपर्यंतचें अंतर आणि सगळा पॅसिफिक महासागर हीं त्या गाडीनें जहाजाच्या पोटांत बसूनच ओलांडलीं.

त्या काळच्या या जलप्रवासांत एक सोय होती, तिचें महत्त्व ती नाहींशी झाल्यावरच लोकांना कळलें. मनुष्य आणि त्याची गाडी एकाच जहाजानें जात. उतारूंच्या आगबोटींना मालाचे तळघर असेच. गाडी यारीनें उचलून तेथें ठेवावयाची, फार तर ताडपत्री घालून डेकवर बांधावयाची, आणि मालकानें वरच्या मजल्यावर आपल्या बिछान्याची जागा पाहावयाची. बंदर आलें कीं दोघेही एकाच फळीवरून खालीं. एकोणिसाव्या शतकांत बसऱ्याकडून अरबी घोडे मुंबईस येत तेव्हां त्यांचे मोतद्दारही त्यांच्याच बरोबर येत. घोडा पुढें आणि मोतद्दार महिन्यानें मागून, असें कोणाला सुचलेंही नसतें. मोटार-सायकलीची गणना तेव्हां जवळजवळ घोड्यांतच होत होती म्हणावयाची.

महायुद्धांच्या दरम्यानच्या काळांतील दोन प्रवास या सोयीवरच उभे आहेत. झोल्तान सुल्कोव्स्की व ग्युला बार्था हे दोघे हंगेरियन मित्र १९२८ सालीं बाजूगाडी जोडलेली हार्ले-डेव्हिडसन घेऊन निघाले, ते १९३६ पर्यंत फिरतच राहिले. एक लक्ष सत्तर हजार किलोमीटर त्यांनीं तुडविले. दुसरा प्रवासी रॉबर्ट एडिसन फुल्टन (धाकटा) हा अमेरिकन. व्हिएन्ना येथें वास्तुशास्त्राचा अभ्यास करून तो १९३२ सालीं लंडनला आला असतां एका भोजनप्रसंगीं कोणीशा बाईनें सहज विचारलें कीं, आपण आतां बोटीनें मायदेशीं निघणार ना? तरुण वय, तोंडून निघून गेलें कीं, नाहीं, आपण मोटार-सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघणार आहों. पंगतींत डग्लस मोटार-सायकलींच्या कारखान्याचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनीं गाडी देऊं केली, आणि बोललेला शब्द परत घेण्याची सोय उरली नाहीं. त्या जुलैंत तो निघाला. गाडीखालच्या पत्र्याआड पिस्तूल दडविलेलें, बरोबर सिनेमाचा कॅमेरा, आणि मोटारीचे जाड टायर चढविलेलीं चाकें, असा त्याचा थाट होता. दीडएक वर्षानें टोकियो गांठून, पॅसिफिक बोटीनें ओलांडून तो घरीं परतला, आणि १९३७ सालीं त्यानें आपलें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. पुढें याच गृहस्थानें पंख काढून ठेवतां येतील अशी उडती मोटार तयार केली. धक्क्यावर बसून बोटीची वाट पाहणाऱ्या मनुष्याला अशी कल्पना सुचावी यांत नवल नाहीं, असें म्हणण्याचा आम्हांला मोह होतो. परंतु त्याला आधार नसल्यामुळें आम्ही तो आवरतों.

समुद्र ओलांडण्याची अडचण अशी भाड्यानें सुटत होती. खरी अडचण धक्क्यावर उतरल्यानंतरची. मोटार-सायकल ही मौल्यवान वस्तु, आणि ती परदेशांतून आणून विकावयाची तर तिच्यावर जकात द्यावी लागते. आतां एखादा परका मनुष्य ‘मी केवळ प्रवासी आहें’ असें म्हणून जकातीशिवाय गाडी आंत आणूं लागला, आणि दोन महिन्यांनीं ती विकून रिकाम्या हातानें बाहेर पडला, तर सरकारनें काय करावें? यावर जुना उपाय एकच होता. जकातीएवढी रक्कम नाक्यावर रोख ठेवावयाची आणि बाहेर पडतांना परत मागावयाची. ज्या नाक्यानें आंत शिरलों त्याच नाक्यानें बाहेर पडणाऱ्यास हें जमेल. परंतु देश आडवा ओलांडणाऱ्यानें आपले पैसे परत घ्यावयाचे कोठें? आणि पुढचा देश पुन्हां नवी रक्कम मागणार. दहा देश ओलांडावयाचे म्हणजे दहा अनामती.

हा पेंच मोटारवाल्यांच्या आधीं सायकलवाल्यांना पडला होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. युरोपांतील सायकलस्वारांच्या पर्यटन-मंडळांनीं आपल्या सभासदांकरितां निरनिराळ्या सरकारांशीं बोलणीं करून सवलती मिळविल्या होत्या, आणि १८९८ सालीं लक्झेंबर्ग येथें अशा सतरा मंडळांनीं एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. त्यांच्या युक्तीचें तत्त्व आपल्या खेड्यांतील जामीनकीचें. प्रवाशाची ओळख परक्या सरकारला नाहीं, परंतु मंडळाची आहे. तेव्हां प्रवाशानें पैसे किंवा हमी आपल्या घरच्या मंडळाकडे ठेवावयाची, आणि मंडळानें परक्या सरकारला शब्द द्यावयाचा कीं, गाडी बाहेर न गेली तर जकात आम्ही भरूं. आरंभीं असा दाखला एकेका देशापुरता मिळे. पुढें १९१३ सालीं, म्हणजे क्लॅन्सी न्यूयॉर्कला पोंचला त्याच वर्षीं, अनेक देशांना चालणारें एकच पुस्तक निघालें. त्याला ‘कार्ने द पासाज’ असें फ्रेंच नांव आहे. मोटार-सायकलस्वार त्याला नुसतें कार्ने म्हणतात.

हें पुस्तक दिसावयास सामान्य, परंतु त्याची रचना मोठी हुशारीची आहे. पांच, दहा किंवा पंचवीस पानें. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशांत शिरतांना अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडतांना दुसरा फाडून घेतो, आणि पुस्तकांत उरलेल्या तिसऱ्या भागावर दोन्ही शिक्के राहतात. वर्ष संपल्यावर मंडळ तो तिसरा भाग तपासतें. सगळीकडे जोडीनें शिक्के असले तर हमी मोकळी झाली. एका ठिकाणीं जरी बाहेर पडल्याचा शिक्का नसला तरी त्या देशाची जकातकचेरी मंडळाकडे पैसे मागते, आणि मंडळ स्वाराकडे. गाडी चोरीस गेली, दरींत कोसळली, जळून गेली, तरी कागदाच्या दृष्टीनें ती त्या देशांतच आहे. मोडकी गाडीसुद्धां एकतर बाहेर नेली पाहिजे किंवा जकात-अधिकाऱ्याच्या समक्ष नष्ट करविली पाहिजे. मनुष्य मेल्याचा दाखला मिळविणें पुष्कळदां सोपें. मोटार-सायकल मेल्याचा दाखला मिळविणें कठीण.

आमच्या वाचकांना ही व्यवस्था अगदींच परकी वाटूं नये. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं पश्चिम किनाऱ्यावर कार्ताझ नांवाचा परवाना चालू केला होता. तो जवळ नसलेलें व्यापारी जहाज ते जप्त करीत, आणि ज्याच्याजवळ असे त्याला त्यांच्या बंदरांत जाऊन जकात भरावी लागे. पुढें कान्होजी आंग्र्यांनीं आपल्या समुद्रांतून जाणाऱ्या जहाजांनीं आपलें दस्तक घेतलें पाहिजे असा आग्रह धरला, त्यावरून मुंबईकर इंग्रजांशीं त्यांचें किती वैर जुंपलें हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. कार्ताझ, दस्तक आणि कार्ने यांत भेद आहे तो हेतूचा. पहिलीं दोन समुद्रावर सत्ता कोणाची हें सांगण्यासाठीं निघालीं. तिसरें प्रवाशाची सोय म्हणून निघालें. परंतु कागद नाहीं तर वाट नाहीं, हा तिन्हींचा अर्थ एकच.

आतां आम्ही बंगालच्या उपसागराकडे वळतों. येथील गोष्ट वेगळी आहे, कारण येथें समुद्र ओलांडण्याचें भूगोलानें सांगितलेलें नाहीं. हिंदुस्थानांतून ब्रह्मदेश, सयाम व मलाया अशी सलग जमीन सिंगापूरच्या सामुद्रधुनीपर्यंत गेलेली आहे. तरीही खुष्कीचे बहुतेक प्रवासी मद्रास किंवा कलकत्त्याला येऊन जहाजावर चढले आणि मलायांत उतरले. फुल्टनच्या वेळीं याचें कारण साधें होतें. हिंदुस्थानांतून ब्रह्मदेशांत मोटार जाईल असा सलग रस्ताच नव्हता. दोन्ही देश एकाच साम्राज्यांत असूनही दळणवळण सारें जहाजानें चाले, आणि जहाजकंपन्यांचें त्यांत कांहीं नुकसान नव्हतें. रस्ता झाला तो युद्धामुळें. आसामांतील लेडो येथून डोंगर फोडून काढलेल्या वाटेनें पहिला लष्करी तांडा १२ जानेवारी १९४५ रोजीं निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोंचला. युद्ध संपलें आणि जंगलानें रस्ता परत घेण्यास सुरुवात केली. तरी ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनीं १९५५–५६ सालीं दोन लँड-रोव्हर गाड्या त्याच वाटेनें ब्रह्मदेशांत घालून लंडनहून सिंगापूरपर्यंतचा पल्ला जमिनीवरून पुरा केला. १९५६ च्या मार्चांत ते सिंगापूरला पोंचले. वाट निघते हें त्यांनीं दाखवून दिलें. सहा वर्षांनीं, २ मार्च १९६२ रोजीं, जनरल ने विन यांनीं ब्रह्मदेशांत सत्ता घेतली, आणि परक्या प्रवाशाला जमिनीच्या वाटेनें तो देश बंद झाला.

येथें आमच्या मतें या विषयाचा गाभा आहे. जेथें जमीन आहे तेथें राजकारणानें समुद्र निर्माण केला. पुढील तीस-चाळीस वर्षें युरोपहून ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या किंवा तिकडून येणाऱ्या प्रत्येक मोटार-सायकलीला बंगालचा उपसागर ओलांडणें भाग पडलें. आणि मद्रास ते पिनांग ही जुनी जहाजवाट, जी मुळांत तामिळ मजुरांना मलायांतील रबराच्या मळ्यांवर नेण्यासाठीं चालू होती, तिच्यावर हे नवे, दाढी वाढविलेले, तेलकट उतारू दिसूं लागले. ब्रिटिश इंडिया कंपनीचें ‘रजुला’ हें १९२६ सालीं बांधलेलें जहाज या वाटेवर १९७३ पर्यंत फेऱ्या घालीत होतें. त्याच्यामागून भारताच्या सरकारी जहाजकंपनीनें ‘चिदंबरम्’ आणलें. हें मूळचें ‘पास्तर’ नांवाचें फ्रेंच जहाज. १९८५ च्या फेब्रुवारींत त्याला आग लागली आणि त्याबरोबर ही वाटही संपली. मनुष्य आणि गाडी एकाच जहाजानें नेण्याचा जुना शिरस्ता या भागांत तरी येथेंच मिटला.

इतर समुद्रांवर तो आधींच मिटला होता. त्याचीं कारणें दोन, आणि दोन्ही एकाच दशकांतलीं. २६ एप्रिल १९५६ रोजीं ‘आयडियल एक्स’ नांवाचें जहाज अठ्ठावन्न पोलादी पेट्या घेऊन अमेरिकेंतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलें. त्या पेटीचें नांव कंटेनर. दुसरीकडे जेट विमानांनीं उतारूंच्या आगबोटींचें गिऱ्हाईक पळविलें. पंचवीस वर्षांत असें झालें कीं, माल नेणाऱ्या जहाजावर उतारूला जागा नाहीं, आणि उतारू नेणाऱ्या विमानांत मोटार-सायकलीला जागा नाहीं. स्वार आणि गाडी यांची ताटातूट झाली.

ही ताटातूट कशी असते तें थोडें तपशिलानें सांगण्यासारखें आहे. स्वार गाडी घेऊन एखाद्या मालवाहू आडत्याच्या वखारींत जातो. तेथें टाकी रिकामी करावयाची, बॅटरीच्या तारा सोडवावयाच्या, आणि गाडी लांकडी खोक्यांत बंद करावयाची. जहाजाचें भाडें वजन आणि आकारमान यांपैकीं जें जास्त भरेल त्यावर घेतात, आणि मोटार-सायकल ही वजनाच्या मानानें जागा फार अडविणारी वस्तु. म्हणून पुढचें चाक काढून बाजूस बांधावयाचें, हँडल आडवें वळवावयाचें, आरसे उतरवून कपड्यांत गुंडाळावयाचे. खोक्याची प्रत्येक वीत पैशाची असते. ऑस्ट्रेलियाला जावयाचें असेल तर त्याआधीं आणखी एक विधि: तेथील कृषिरक्षणाचे अधिकारी चाकांच्या आऱ्यांत व इंजिनाच्या पापुद्र्यांत परक्या देशाची माती खपवून घेत नाहींत. सहा महिने ज्या वाटांची धूळ अंगावर मिरविली ती दांत घांसण्याच्या कुंचीनें खरवडून काढावयाची आणि मग दारांत उभें राहावयाचें. शेवटीं हातांत येते ती बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची बिल्टी. या क्षणापासून स्वाराजवळ गाडी नाहीं. गाडीचा एक कागद आहे.

या कागदाला किती पदर असतात याची कल्पना सामान्य मनुष्याला नसते. ‘सामाईक हानि’ हें समुद्रावरील एक प्राचीन तत्त्व आहे. जहाज संकटांत असतां तें वांचविण्यासाठीं कांहीं माल मुद्दाम समुद्रांत टाकावा लागला, तर तें नुकसान ज्यांचा माल वांचला त्या सर्वांनीं वांटून घ्यावयाचें. यॉर्क-अँटवर्प नियम म्हणून या तत्त्वाची जी संहिता आहे ती आजही चालते. याचा अर्थ असा कीं, शेंकडों कंटेनरांच्या जहाजावर आग लागली आणि आपली मोटार-सायकल धड राहिली, तरी तिच्या मालकाला दुसऱ्याच्या बुडालेल्या मालाचा हिस्सा भरल्यावांचून ती मिळत नाहीं. पलीकडच्या बंदरांतील उतराईची मजुरी, गोदामाचें भाडें, दलालाची फी हीं पुष्कळदां समुद्राच्या भाड्याहून जास्त होतात तीं वेगळींच.

आणि या मधल्या काळांत स्वार काय करतो? तो विमानानें पुढें जाऊन वाट पाहतो. त्यांतही मेख आहे. पुष्कळ देशांत, आणि आपल्या देशांतही पुष्कळ वर्षें, स्वाराच्या पासपोर्टावर त्याची गाडी लिहून ठेवीत, म्हणजे गाडी बाहेर गेल्याचा पुरावा दाखविल्यावांचून मनुष्याला बाहेर जातां येत नसे. जहाज आठ दिवस उशिरा सुटलें तर तोही आठ दिवस अडकला. घोडा स्वाराला नेतो अशी आपली समजूत. येथें घोडाच स्वाराला दावें लावून बांधतो.

टेड सायमन हा इंग्रज पत्रकार ५०० सी. सी. ची ट्रायम्फ घेऊन ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं लंडनहून निघाला. त्याच दिवशीं मध्यपूर्वेंत युद्ध पेटलें. चार वर्षांत त्यानें पंचेचाळीस देश पाहिले. त्याचें प्रवासवर्णन १९७९ सालीं निघालें, आणि त्यावर पुढें कित्येक तरुण घराबाहेर पडले. आफ्रिका संपवून तो जहाजानें ब्राझीलमधील फोर्तालेझा बंदरांत उतरला. लष्करी राजवटीचा तो काळ. गाडी जकातींतून सुटेपर्यंत तेथें थांबलेल्या या एकट्या परदेशी मनुष्याचा पोलिसांना संशय आला, आणि त्यांनीं त्याला कोठडींत घातलें. वाळवंटानें त्याला अडविलें नाहीं, तें बंदरानें केलें. धक्क्यावर अडकलेला प्रवासी हा मोठा विचित्र प्राणी असतो, हें पोलिसांच्याही बाजूनें सांगितलें पाहिजे. त्याच्याजवळ वाहन नाहीं, काम नाहीं, आणि तो रोज कचेरींत येऊन एकाच खोक्याची चौकशी करतो.

एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुविद्येची विद्यार्थिनी १९८२ सालीं आपली जुनी बी. एम. डब्ल्यू. न्यूयॉर्कला पाठवून मागून निघाली. अमेरिका ओलांडून तिनें गाडी लॉस अँजेलिसहून सिडनीला रवाना केली, आणि सिडनींत एका वास्तुशिल्पकाराकडे नोकरी करून पुढच्या वाटेचे पैसे जमविले. सिंगापुरांत तिच्या सामानाची चोरी झाली. पासपोर्ट गेला, व्हिसा गेले, गाडीची नोंदणी गेली, जहाजाचे कागद गेले. गाडी मात्र शाबूत. हे कागद नव्यानें जमवीत तिला सहा आठवडे तेथें बसावें लागलें. चोरानें नेमका उलटा व्यवहार केला असता, म्हणजे गाडी नेऊन कागद ठेवले असते, तर तिची अवस्था याहून वाईट झाली असती. कारण मग नसलेल्या गाडीची जकात डोक्यावर बसली असती.

अमेरिका खंडांत असाच एक खंड पडलेला आहे, त्याचा ओझरता उल्लेख पुरे. अलास्कापासून दक्षिणेस गेलेला महामार्ग पनामा व कोलंबिया यांच्या सीमेवर सुमारें शंभर किलोमीटर दलदल व जंगल यांनीं तुटला आहे. त्याला दारिएनची खिंड म्हणतात. एड कल्बर्सन नांवाच्या एका अमेरिकनानें १९८६ च्या सुमारास आपली बी. एम. डब्ल्यू. त्या जंगलांतून ओढून, उचलून, होडींत घालून पार केली. बाकीचे सर्वजण विमानाचा किंवा होडीचा रस्ता धरतात. ‘श्टालराटे’ नांवाचें १९०३ सालचें एक जुनें शिडाचें जहाज कित्येक वर्षें या वाटेवर मोटार-सायकली डेकवर बांधून नेत असे, आणि स्वारही त्याच डेकवर झोंपत. जुना शिरस्ता असा कोठें कोठें टिकून राहिला.

आतां एक प्रश्न उरतो, तो आपल्या घरचा आहे. या साऱ्या नामावळींत आपल्याकडील नांव इतकें क्वचित् कां? धाडस नव्हतें म्हणावें तर १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. सायकल खांद्यावर टाकून बोटीची शिडी चढतां येतें. मोटार-सायकलीला यारी लागते, आणि यारीला परकी नाणीं लागतात. संस्थेचीही उणीव नव्हती. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन मुंबईंत १९१९ पासून आहे, आणि कार्ने तिच्याकडून मिळत आलेलें आहे. परंतु कार्न्याची हमी रुपयांत ठेवतां येते; पिनांगच्या गोदीवरील उतराई रुपयांत भरतां येत नाहीं. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकें परदेशाचें तिकीट काढण्यास रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ लागे, आणि आठ डॉलर खिशांत घालून निघालेल्या काका-मामांच्या गोष्टी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं घरीं ऐकलेल्या असतील. आठ डॉलरांत मनुष्य कसाबसा विलायतेस पोंचतो आणि नातलगाच्या दारीं उतरतो. खोक्यांतील मोटार-सायकलीला नातलग नसतात. इंग्रज तरुण सिडनींत नोकरी करून पुढच्या बोटीचें भाडें उभें करूं शकला, कारण त्याच्या पासपोर्टावर ती मुभा होती. आपल्या तरुणाला ती नव्हती. आमच्या मतें रस्त्यांची भीति किंवा घरची माया यांना या बाबतींत दोष देणें हा अन्याय आहे. गेल्या वीसएक वर्षांत परकीय चलनाचें बंधन सैल झाल्याबरोबर भारतीय क्रमांकाच्या मोटार-सायकली युरोपांत व अमेरिकेंत दिसूं लागल्या, यावरून गांठ कोठें होती तें उघड होतें.

ब्रह्मदेशाची वाट मध्यंतरीं थोडी उघडली होती. १९८९ पासून त्या देशाचें अधिकृत नांव म्यानमार आहे. २०१३ च्या सुमारास वाटाड्या बरोबर घेण्याच्या अटीवर परक्या गाड्यांना तेथून जाऊं देण्यास आरंभ झाला, आणि २०१८ च्या ऑगस्टांत मणिपूरमधील मोरे व पलीकडचें तामू यांमधील नाका उभय देशांच्या करारानें रीतसर खुला झाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनंतर साठ वर्षांनीं लंडन ते सिंगापूर हा पल्ला पुन्हां चाकांवर पुरा होऊं लागला. २०२० सालीं साथीमुळें नाके मिटले. १ फेब्रुवारी २०२१ रोजीं तेथील लष्करानें सत्ता घेतली, यादवी माजली, आणि ती वाट पुन्हां मोडली. पिनांगचें जहाज तर केव्हांच गेलेलें. तेव्हां स्वारांनीं काठमांडूचा जुना उपाय पुन्हां जवळ केला. तेथील विमानतळावरच्या मालाच्या छपरींत गाडी खोक्यांत बंद करून बँकॉकला उडविण्याची सोय आहे. हवाई वाहतुकीच्या घातक वस्तूंच्या यादींत अशा वाहनाला ३१६६ हा क्रमांक दिलेला असून तो खोक्यावर लिहावा लागतो, आणि टाकींत तेल ठेवूं देत नाहींत. त्यामुळें बँकॉकला खोकें फोडल्यावर स्वाराचें पहिलें काम म्हणजे कोठून तरी बाटलीभर पेट्रोल पैदा करून आणणें.